पाठ भरेपर्यंत

दुकानात शिरले की काकाजी नमस्काराच्या आधी उलटा हात लावायचे. काउंटरच्या काचेला, कूलरच्या पत्र्याला, केस वाळवायच्या मशीनला आणि सगळ्यात शेवटी कुत्र्याच्या पोटाला. तळहात नाही, हाताची मागची बाजू. मग मान हलवून म्हणायचे, "गरम होऊन राहिलं, ताई." हे ते जानेवारीतही म्हणायचे.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी बॉयलरपाशी गेली होती. तिथे कशालाही आधी उलटा हात लावून पाहायचा, असं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तळहात भाजला तर पाना धरता येत नाही. नोकरी संपली, पण हात तसाच राहिला. भाजीवाल्याच्या टरबुजालाही ते उलटा हात लावून पाहायचे, आणि भाजीवाला म्हणायचा, "काकाजी, ताप नाही त्याले."

मी कुत्र्यांना आंघोळ घालण्याचं, विंचरण्याचं, नखं कापण्याचं दुकान चालवते. कोराडी रस्त्यापासून आत, एका सलूनच्या समोर. कामाला शिस्त असावी म्हणून मी याद्या करते. भिंतीवर तीन याद्या लावल्या आहेत, प्रत्येक ऋतूची एक. उन्हाळ्याच्या यादीतला पहिलाच मुद्दा लाल शाईत आहे: दाट केसांच्या कुत्र्यांचे केस भादरून मिळणार नाहीत. तो कोणी वाचत नाही. एप्रिल लागला की तोंडाने सांगावं लागतं, आणि मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, नवतपा, संपेपर्यंत माझा आवाज बसतो. काम थकवत नाही. तेच ते सांगणं थकवतं. तुम्ही शाळेत शिकवत असाल किंवा कुठल्या खिडकीमागे बसत असाल, तर तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांची पहिली भेटही अशाच एका समजावण्याने झाली. त्यांच्या मुलाने गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणलं होतं. आई गेल्यावर घर फार शांत झालं, म्हणून आणलं. पिल्लाचं नाव त्याने ठेवलं ऑस्कर. हे म्हणायचे आसकर. थोड्याच महिन्यांत मुलाला बंगळुरूला नोकरी लागली. तिथल्या खोलीत कुत्रा चालत नव्हता. ऑस्कर राहिला वडिलांकडे, पण एका अटीवर. मुलगा जाताना म्हणाला होता, "बाबा, जमलं नाही तर सांगा. पुण्याला माझा मित्र आहे, मोठं आवार आहे त्याचं. त्याच्याकडे देऊ." ही अट मला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितली, कोणी ऐकेल की काय अशा दबक्या आवाजात.

त्या दिवशी पिल्लाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा होता, दोन्ही बाजूंची कातडी लाल झाली होती, आणि अंगाला भांडी घासायच्या साबणाचा वास येत होता.

"ग्रीस आहे," ते म्हणाले. "कोण्या गाडीखाली बसला असन. घासून घासून हात दुखले, पण जाऊन नाही राहिलं."

मी पट्टा बोटांनी उघडून पाहिला. ग्रीस नव्हतं. मोठेपणीचे केस येत होते.

पिल्लू असताना हे कुत्रे कापसाच्या गोळ्यासारखे असतात, फिके आणि मऊ. मोठेपणीचा केस लांब, सरळ, जरा तेलकट असतो. तो आधी पाठीच्या कण्यावर उगवतो आणि हळूहळू कुशीवर उतरतो. मधले काही महिने कुत्रा फार विचित्र दिसतो. कोणाचंतरी जुनं जाकीट घातल्यासारखा.

"याचा रंग बदलणार आहे, काकाजी," मी म्हटलं. "कान बघा. कान बाकी अंगापेक्षा गडद आहेत ना? मोठेपणी हा साधारण त्या रंगावर जाईल."

"पण पोट्ट्यानं तर पांढरा सांगून घेतला!"

"पांढरा नाहीच आहे हा."

ते बराच वेळ कानाकडे बघत राहिले. मग एकदम हसले. "म्हणजे म्या पोराची मिशी घासून काढून राहिलो होतो."

तेव्हापासून ते दर महिन्याला यायचे, आणि दर महिन्याला त्यांना एखादा नवा आजार सापडलेला असायचा. पिल्लाचे केस गळताहेत: आजार. मांड्यांवर केस येत नाहीत: आजार. शेजारच्या गल्लीतला गोल्डन मलईसारखा फिका आहे, आणि आपला विटेवर जाऊन राहिला: नक्कीच काहीतरी खाण्यात कमी पडतंय. मी सांगायची, फिक्या मलईपासून तांबूस सोनेरीपर्यंत सगळे गोल्डनच. ते ऐकायचे, मान डोलवायचे, आणि घरी जाऊन अंड्याचा बलक वाढवायचे.

ऑस्कर दोन वर्षांचा झाला आणि मग खरा उमलला. छातीवर आयाळ आली, पुढच्या पायांमागे झालर लोंबायला लागली, शेपटी मोरचेलासारखी झाली. रंग अगदी कानांचा, नव्या गुळाचा. सकाळी फिरायला निघाले की लोक थांबून बघायचे. हे मुद्दाम सावकाश चालायचे. "आसकर, चाल ना गा," असं नुसतं म्हणायचे आणि स्वतःच थांबायचे.

त्यानंतरचा उन्हाळा वाईट होता. नागपूरकरांना उन्हाळ्याचं वर्णन सांगायची गरज नाही. नवतपा लागायच्या सुमारास ते आले, कूलरला उलटा हात लावला, आणि म्हणाले, "ताई, याचे केस काढून टाका."

मी यादीकडे बोट दाखवलं.

"वाचलं म्या. पण मले बनियनमध्ये घाम सुटून राहिला, अन् याच्या अंगात स्वेटर. हा बोलत नाही म्हणून का?"

मी समजावलं. आतली लोकर उन्हाळ्यात गळते, मी ती विंचरून काढते, वरचा केस ऊन अडवतो, तो ठेवायचा. ते शांतपणे ऐकत होते, पण डोळे ऐकत नव्हते.

"ताई, रागावू नका. पण मी जिंदगीभर बॉयलरपाशी उभा राह्यलो. मले गरमी नका शिकवू."

समोरच्या सलूनवाल्याने नंतर मला सगळं सांगितलं. त्यांचा नेहमीचा न्हावी तो. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यांच्याच पोर्चमध्ये हे काम झालं. न्हाव्याने विचारलं होतं, "काकाजी, मशीन मारू का कैची? भांग कोणत्या बाजूनं?" ऑस्कर शहाण्यासारखा उभा राहिला. शेपटीचं टोक आणि डोकं तेवढं ठेवलं, बाकी सगळं उतरवलं. केसांनी एक मोठी प्लास्टिकची पिशवी भरली. "सिंहासारखा दिसत होता, बाई," न्हावी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सर्कशीतल्या."

ते दुकानात आले ते तीनेक दिवसांनी. ऑस्करच्या पाठीची कातडी उन्हाने लाल झाली होती आणि तो आधीपेक्षा जास्त धापा टाकत होता. त्यांनी त्याच्या पाठीला उलटा हात लावला आणि पटकन काढून घेतला.

मला राग आला होता. पण राग बोलून दाखवायची ताकद मेअखेरीला माझ्यात उरत नाही. मी मलम काढलं आणि लावता लावता विचारलं, "काकाजी, तुमच्याकडे नळ्यांवर काय गुंडाळतात?"

"कोणत्या? वाफेच्या? लॅगिंग. जाडी लोकर असते, वरून पत्रा."

"कशाला?"

"गरमी बाहेर जाऊ नये म्हणून."

"फक्त गरम नळ्यांनाच?"

"नाही ना. ठंड्या पाण्याच्या लाइनलेबी असते. बाहेरची गरमी आत…"

त्यांनी ऑस्करच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. मी मलम लावत राहिले. मग ते स्वतःशीच म्हणाले, "लॅगिंग काढलं म्या त्याचं."

त्यानंतर दोन प्रश्न त्यांनी लागोपाठ विचारले. केस परत येतील का? आणि दिवाळीपर्यंत येतील का? पहिल्याचं उत्तर बहुधा हो होतं. दुसऱ्याचं नाही. आधी आतली लोकर येते, वरचा केस मागून, त्याच्या सवडीने. वर्ष, दीड वर्ष. काहींचा पूर्वीसारखा येतच नाही. दिवाळीला मुलगा येणार होता. पुण्याचं मोठं आवार त्यांच्या डोळ्यांसमोर आलेलं मला स्पष्ट दिसलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी जे केलं ते सगळ्या वस्तीने पाहिलं. उघडीप असली की सकाळी फिरवताना स्वतःचा पांढरा दुपट्टा ओला करून ऑस्करच्या पाठीवर बांधायचे. चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "काकाजी, नवरदेव कोण्या गावचा?" हे म्हणायचे, "पोरगी पाहून ठेवा, मग सांगतो." हसायचे, पण गाठ पुन्हा तपासायचे.

मुलाचा फोन पूर्वी रविवारी यायचा. आता हे स्वतःच रोज करायला लागले, व्हिडिओवर, आणि पडद्यावर फक्त ऑस्करचं तोंड धरायचे. मला सांगायचे, "पोट्टा म्हणते, पूर्ण दाखवा. म्या म्हणलं, तो जेवून राहिला. काल म्हणलं, झोपला. आज म्हणलं, लाजून राहिला. कुत्रा कुठं लाजते का, ताई? दुसरं सुचलंच नाही."

दिवाळीच्या आधी त्यांनी आंघोळीला आणलं. ऑस्करच्या अंगावर तोवर लोकर आली होती, पिंजायला टाकलेल्या गादीच्या कापसासारखी, फिकी आणि गुठळ्यांची. मानेवर, कण्यावर गुळाच्या रंगाचे केस तुरळक उगवले होते. कमरेवर हातभर जागा मात्र उघडीच.

"इकडचे केस तिकडं वळवता नाही येत का?" त्यांनी विचारलं. "आमचे एक साहेब होते. एका कानावरून दुसऱ्या कानावर आणत."

"आणि लोकांना कळत नव्हतं?"

"सगळ्यायले कळे," ते म्हणाले.

मुलगा आला तो विमानतळावरून थेट माझ्या दुकानात; वडील ऑस्करला घेऊन तिथेच बसले होते. माझ्यासमोर बोलणं सोपं जाईल, असं त्यांना वाटलं होतं. मुलाने गुडघ्यावर बसून ऑस्करच्या पाठीवरून, मग एकेका पायावरून हात फिरवला. वडिलांनी काय काय तयारी केली होती हे मला माहीत होतं: ॲलर्जी सांगायची, डॉक्टरांनी काढायला लावले म्हणायचं. मुलाने तोंड उघडायच्या आत ते बोलून मोकळे झाले.

"म्याच काढले. ताई नाही म्हणत होत्या. न्हाव्याकडून काढले. पण पुण्याले नको पाठवू, बापा. येऊन राहिले केस."

मुलगा वर बघायला लागला. "केस? एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"बाबा, सहा महिने तुम्ही मला नुसतं तोंड दाखवताय. मला वाटलं, गाडीखाली आला. मला वाटलं, पाय गेला याचा. मी विमानात रडलो हो!"

"पाय कसा जाईन? चारी आहेत ना! मोज!"

मुलगा खाली बसला होता तो तसाच हसायला लागला, आणि हसता हसता ऑस्करच्या त्या कापसात तोंड घातलं. पुण्याचा विषय निघाला नाही.

इथे ही हकीकत संपली असती तर बरं झालं असतं. त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात दोन स्प्रिंगा टाकल्या. "आता माह्या आतबी स्पेअर पार्ट," असं म्हणायचे. डॉक्टरांनी ओझं ओढायला मनाई केली. ऑस्करचं वजन एका धट्ट्याकट्ट्या पोराएवढं. तरी उन्हाळ्यापर्यंत त्यांनी निभावलं. मग मे महिन्यात एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. पंखा बंद, कूलर बंद. ऑस्कर फरशीवर आडवा झाला, जीभ बाहेर, उठेना. त्यांनी उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दारात उभं राहून हाका मारल्या. शेजारच्या बायका धावल्या, चौघींनी चादरीत घालून त्याला ई-रिक्षात टाकलं आणि माझ्याकडे आणलं. त्याला पाण्याने भिजवत आम्ही दवाखान्यात नेलं. वाचला.

ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. हात मांडीवर उपडे ठेवलेले. "आयुष्यभर लोकायच्या घरी वीज पाठवली," म्हणाले, "अन् एक कुत्रा नाही उचलता आला मले."

तिथूनच त्यांनी फोन लावला. मुलाने तोवर बंगळुरूलाच तळमजल्याचं, अंगण असलेलं घर घेतलं होतं आणि दोघांनाही बोलावत होता. हे स्वतः जायला तयार नव्हते. बायको इथे गेली, घर इथे बांधलं, एवढंच म्हणायचे. फोनवर मी त्यांना म्हणताना ऐकलं, "घेऊन जा त्याले. पण आता नको. पाठ भरू दे. जसा देल्ला होता तसा नेजो."

आता तुमच्या लक्षात येईल, त्या पाठीचं पुढे काय झालं. वर्षभर ज्या केसांची ते वाट बघत होते, ते केस आता त्यांना नको झाले. आणि केस मात्र भराभर यायला लागले. पावसाळ्यात कुशी भरल्या. नवरात्रात मांड्यांवर झालर आली. पूर्वी ते दुकानात येऊन विचारायचे, "किती आले?" आता विचारायचे, "बाकी आहे ना अजून?"

कमरेवरची जागा शेवटपर्यंत राहिली. मग तिथेही आले, जरा आखूड, जरा गडद. थंडी सुरू झाली तेव्हा मी ऑस्करला विंचरत होते आणि कंगवा मानेपासून शेपटीपर्यंत कुठेही न अडखळता, एका लयीत गेला. ते समोर उभे होते.

"थोडं बाकी दिसून राहिलं," ते म्हणाले.

मी त्या जागेवरून पुन्हा कंगवा फिरवला. "हो," म्हटलं. "थोडं आहे."

असं आम्ही संक्रांतीपर्यंत ओढलं. मग एक दिवस ते आले आणि म्हणाले, "पोट्टा येऊन राहिला रविवारी." आंघोळ झाल्यावर कंगवा त्यांनी स्वतः घेतला. सगळं अंग विंचरून झाल्यावर कानांमागे गुंता होतो तिथले केस बोटांनी सोडवत बसले. रविवारी मुलाच्या गाडीत ऑस्कर उडी मारून चढला. त्याला वाटलं, सगळेच जाताहेत. गाडी वळेपर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. हे हात न हलवता उभे होते.

आणि मग ते विनाकुत्र्याचे यायला लागले. मी दाराशी एक बाक ठेवला आहे, त्यावर बसायचे. मला वाटलं, चार दिवस येतील. एप्रिल लागला, आणि पहिलं गिऱ्हाईक नेहमीचं वाक्य घेऊन आलं: "केस काढून द्याल का? फार गरम होतं हो त्याला." मी दम घेतला. माझ्या आधी बाकावरून आवाज आला.

"नका काढू. म्या काढले होते."

त्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

"दीड वर्ष लागलं भरायले. कुत्रा तोंडानं काही म्हणत नाही, पण रोज त्याची पाठ पाहा लागते."

गृहस्थ गेले, केस न काढता. दुसरी आली, तिलाही तेच. त्या उन्हाळ्यात मला कोणालाच काही समजवावं लागलं नाही. माझा आवाज पहिल्यांदाच नवतप्यात शाबूत राहिला. मी आपली कामं उरकत होते आणि बाकावर तेच ते चाललं होतं, दिवसातून कितीदा तरी, न कंटाळता. मी एकदा म्हटलं, "काकाजी, दमत नाही का हो?" तर म्हणाले, "दमतो ना. पण तुमी सांगता तं लोकायले धंद्याचं वाटते. मी तं काढून बसलेला माणूस."

या जानेवारीत ते गेले. सकाळी, चहा पिऊन, खुर्चीतच. मुलाने फोन करून कळवलं. ऑस्करची चौकशी केली, तर म्हणाला, बरा आहे, तोंडावर पांढरं यायला लागलंय.

परवा एक बाई आली. हातात पट्टा, पट्ट्याला दोन वर्षांचा गोल्डन, नुकती झालर आलेला, उभ्या गावाने वळून बघावं असा. तिने केस काढायचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं. मी सगळं नीट सांगितलं: आतली लोकर, वरचा केस, ऊन, कातडी, दीड वर्ष. मुद्देसूद सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्ही स्वतः कधी काढून पाहिलेत का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने मान हलवली, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि दार उघडलं. बाहेरच्या उन्हात कुत्र्याची शेपटी डावी-उजवी हलत रस्ता ओलांडून गेली. समोरच्या सलूनमध्ये न्हाव्याने खुर्ची झटकली.